चहाचा कर आणि वरच्या मजल्यावरची खोली

गोव्यातल्या एखाद्या हॉटेलच्या तळमजल्यावर उपाहारगृह आहे. ऊन चढलं म्हणून तुम्ही आत शिरलात आणि चहा प्यायलात. खोली घेतली नव्हती, मुक्कामाचा विचारही नव्हता. बिल आलं. आता त्या चहावर जीएसटी किती टक्के लागायला हवा? चहाकडे पाहून ते कळत नाही. कपाच्या किमतीवरूनही कळत नाही. प्रश्न असा विचारावा लागतो: मागच्या आर्थिक वर्षात याच वास्तूतली एखादी तरी खोली दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक दराने दिली गेली होती का? गेली असेल तर चहावर १८ टक्के, नसेल तर ५ टक्के. हॉटेलने आपणहून घोषणापत्र भरून १८ टक्क्यांची वाट निवडली असेल, तर पुन्हा १८. हा नियम १ एप्रिल २०२५ पासून देशभर लागू आहे.

नियम योग्य की अयोग्य, हा वाद करतज्ज्ञांनी घालावा. मला त्यात भुरळ घालते ती त्याची रचना. बिलाची ती एक ओळ बरोबर आहे की चूक, हे ठरवण्यासाठी प्रोग्रामला बिलावरून उपाहारगृहाकडे जावं लागतं, उपाहारगृहावरून वास्तूकडे, वास्तूवरून तिच्या सगळ्या खोल्यांकडे आणि खोल्यांवरून मागच्या एप्रिल ते मार्चमधल्या सगळ्या बुकिंगकडे. तिथे अशी एक नोंद सापडली की पुरे. समजा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुणीतरी समुद्राकडे तोंड असलेली खोली ८,००० रुपयांना घेतली, आणि त्या वर्षातलं साडेसात हजारांवरचं ते एकमेव बुकिंग ठरलं. १ एप्रिल उजाडला की पुढचं वर्षभर तळमजल्यावरच्या प्रत्येक चहाचा कर बदललेला असतो. चहाच्या नोंदींना कुणी हात लावलेला नसतो, दरपत्रक तेच असतं, कपही तेच. तरी काल जे बिल बरोबर ठरलं असतं, तसंच आजचं बिल चुकीचं ठरतं.

वेब अ‍ॅप्लिकेशनं लिहिणारे याला कंडिशनल व्हॅलिडेशन म्हणतात, म्हणजे सशर्त पडताळणी. इथे ती एकमेकांशी नातं असलेल्या अनेक मॉडेलांवर पसरलेली आहे. बिलं बनवणाऱ्या, तिकिटं काढणाऱ्या, प्रवेशअर्ज घेणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाच्या पोटात अशा शेकडो अटी काम करत असतात, आणि आपल्या नजरेला पडतो तो फक्त लाल अक्षरांतला एखादा संदेश.

मॉडेल म्हणजे जगातल्या एका प्रकारच्या गोष्टीचं प्रोग्रामने ठेवलेलं चित्र: ग्राहक, बिल, बिलातली ओळ, खोली, बुकिंग. प्रत्येक मॉडेलमागे डेटाबेसमध्ये सहसा एक टेबल असतं. अशी टेबलं एकमेकांशी कशी बोलतील, हे आज आपण गृहीत धरतो, पण ती कल्पना एका माणसाची आहे. एडगर कॉड हा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक असलेला गणिती. पुढे तो आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होता, आणि जून १९७० मध्ये त्याने मोठ्या सामायिक माहितीसाठ्यांविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याआधीच्या डेटाबेसांत एका नोंदीकडून दुसरीकडे जायच्या वाटा आधीच आखून ठेवलेल्या असत. ज्या वाटेची कल्पना कुणी केली नव्हती, त्या वाटेने जाताच येत नसे. कॉडने वाटाच काढून टाकल्या. त्याच्या मांडणीत नातं म्हणजे दोन ठिकाणी लिहिलेलं सारखंच मूल्य. बिलावर ग्राहक क्रमांक ४१२, ग्राहकांच्या टेबलातही क्रमांक ४१२, आणि संपलं. वाटा नाहीत म्हणून कुठूनही कुठेही जाता येतं. चहाच्या बिलावरून मागच्या वर्षीच्या खोलीभाड्यापर्यंत जायची सोय हॉटेलच्या प्रोग्राममध्ये कुणीही मुद्दाम केलेली नव्हती. २०२५ मध्ये कायद्याने प्रश्न विचारला, आणि तो पार करायचा पूल पंचावन्न वर्षांपूर्वीच्या त्या कल्पनेत तयार होता.

पडताळणीचा सोपा भाग लवकर उरकतो, पण त्यातही एक सौंदर्य आहे. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: २७ म्हणजे महाराष्ट्र, ३० म्हणजे गोवा. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यक्तीचा किंवा कंपनीचा पॅन. शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं असतं, त्यामुळे मधलं एक अक्षर चुकीचं टंकलं गेलं तर बेरीज जुळत नाही. पॅनच्या आतही चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं, व्यक्ती की कंपनी की आणखी काही. असा क्रमांक स्वतःची साक्ष स्वतः देतो. त्याला तपासायला दुसऱ्या कुणाची गरज नाही, इंटरनेट नसलं तरी चालतं.

दोन क्रमांक शेजारी ठेवले की खेळ बदलतो. समजा, नागपूरच्या एका कंपनीचा माणूस गोव्यातल्या त्या हॉटेलात उतरला आहे. कंपनीचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, हॉटेलचा ३० ने. दोन राज्यं वेगळी, म्हणजे आंतरराज्य व्यवहार, म्हणजे आयजीएसटी, असं कुणालाही वाटेल. प्रोग्रामरने ‘दोन्ही क्रमांकांचे पहिले दोन अंक वेगळे असतील तर आयजीएसटी’ अशी अट लिहिली, तर ती बऱ्याच बिलांवर बरोबर चालेल आणि या बिलावर चुकेल. हॉटेलात राहण्याची सेवा जमिनीशी बांधलेली आहे. त्या सेवेचं पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे जिथे ती वास्तू उभी आहे ते ठिकाण, असं आयजीएसटी कायदा सांगतो. हॉटेलही गोव्यात, पुरवठाही गोव्यात, म्हणून नागपूरच्या कंपनीच्या बिलावर केंद्राचा सीजीएसटी आणि गोव्याचा एसजीएसटी लागतो. बिलावरचे तिन्ही रकाने, म्हणजे ग्राहकाचा क्रमांक, हॉटेलचा क्रमांक आणि कराचा प्रकार, आपापल्या जागी निर्दोष असतात. तरी त्यांच्यावरून निर्णय होत नाही. तो चौथ्या गोष्टीवरून होतो, आणि ती म्हणजे सेवेचं स्वरूप.

इथेच थांबलं असतं तरी पुरे होतं, पण थांबत नाही. समजा, तीच कंपनी नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या विशेष आर्थिक क्षेत्रातलं, म्हणजे एसईझेडमधलं, युनिट आहे. एसईझेडमधल्या युनिटला केलेला पुरवठा कायद्याने आंतरराज्यच मानला जातो, आणि हॉटेलमधल्या मुक्कामालाही हे लागू आहे, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २०१८ मध्ये परिपत्रक काढून केलेला आहे. म्हणजे हॉटेल तेच, खोली तीच, रात्रही तीच, ग्राहकाच्या क्रमांकातले पहिले दोन अंकही तेच २७. ग्राहकाच्या नोंदणीचा प्रकार लिहिलेला रकाना तेवढा वेगळा आहे, आणि बिलाचा सगळा सांगाडा बदलतो.

मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे की कुठला नियम लागू करायचा, हीच मुळात एक माहिती आहे. साध्या पडताळणीत नियम पक्का असतो आणि माहिती त्याच्यापुढे उभी राहते. इथे माहितीच ठरवते की आज तिचा न्याय कुठल्या कलमाखाली व्हायचा. आणि अट लागू होत नसेल, तर नियम गप्प राहतो. ग्राहक एसईझेडमध्ये नसेल, तर एसईझेडचा नियम त्या बिलाबद्दल काहीच बोलत नाही. तर्कशास्त्राच्या हिशेबाने तो पाळलाच गेलेला असतो. मोठ्या प्रणालीतले बहुतेक नियम बहुतेक वेळ असे गप्प बसून असतात. म्हणूनच त्यांच्यात चूक असली तरी ती वर्षानुवर्षं कळत नाही, आणि एक दिवस एक विशिष्ट ग्राहक एक विशिष्ट सेवा घ्यायला येतो.

गप्प बसण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो फार फसवा आहे. रकाना रिकामा असला तर काय? नियम असा आहे: विक्रेत्याची मागच्या आर्थिक वर्षातली उलाढाल पाच कोटींहून जास्त असेल, तर बिलावर वस्तूचा किंवा सेवेचा वर्गीकरण कोड सहा अंकी हवा, त्याहून कमी असेल, तर नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलावर चार अंकी चालतो. समजा, बिलाच्याच नोंदीत विक्रेत्याच्या उलाढालीचा रकाना आहे, आणि तो भरलेला नाही. पाच कोटींहून जास्त आहे का? एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा इथे ‘हो’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. तिच्याकडे तिसरं उत्तर आहे: अज्ञात. या अज्ञाताला दोन दारांवर दोन वेगवेगळी वागणूक मिळते. नोंदी शोधताना जी अट निःसंशय खरी ठरेल तीच नोंद आत येते आणि अज्ञात बाहेर राहतं. पण टेबलावर चेक नावाचं बंधन घातलेलं असेल, तर फक्त निःसंशय खोटं ठरलेलंच अडवलं जातं आणि अज्ञात आत जातं. म्हणजे उलाढाल कोरी ठेवून चार अंकी कोड लिहिला, तर तो बंधनाच्या दारातून बिनबोभाट जाईल. एकाच डेटाबेसमध्ये, एकाच अज्ञाताबद्दल, दोन विरुद्ध निवाडे. हे प्रथम कळतं तेव्हा विश्वास बसत नाही. पण यामागे विचार आहे: शोधणाऱ्याला खात्री हवी असते, तर पहारा देणाऱ्याला पुरावा.

आतापर्यंत आपण असं धरून चाललो की नोंदी डेटाबेसमध्ये आहेत आणि आपण त्या वाचतो आहोत. खऱ्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये पडताळणीची वेळ फार अवघड असते, कारण ती नोंदी जन्माला येण्याच्या क्षणी होते. काउंटरवरचा कर्मचारी एकाच फॉर्ममध्ये नवा ग्राहक, नवं बिल आणि बिलाच्या चार ओळी भरतो आणि एकदाच बटण दाबतो. बिलाच्या ओळीला विचारलं, ‘तुझं बिल कुठलं?’ तर तिच्याकडे उत्तर नाही, कारण बिलाला अजून क्रमांकच मिळालेला नाही. क्रमांक मिळायला बिल साठवलं जावं लागतं, बिल साठवायला ते वैध असावं लागतं, आणि ओळी वैध असल्याशिवाय बिल वैध नाही.

डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रामरने २००४ मध्ये रुबी ऑन रेल्स हे फ्रेमवर्क, म्हणजे वेब अ‍ॅप्लिकेशनांसाठीचा तयार सांगाडा, खुलं केलं. त्यात अशा गाठी सोडवायला बरीच अक्कल खर्च झाली आहे. त्यातला एक उपाय मला फार आवडतो. कर्मचाऱ्याने फॉर्ममध्ये ग्राहकाचा प्रकार ‘साधा’वरून ‘एसईझेड’ केला आणि त्याच वेळी बिलही भरलं. बिलाची पडताळणी सुरू झाली. बिलाने विचारलं, ‘माझा ग्राहक कोण?’ आणि प्रोग्रामने इमानेइतबारे डेटाबेसमधून ग्राहक आणून दिला. पण डेटाबेसमध्ये अजून जुनाच ग्राहक आहे, ‘साधा’. नवा ग्राहक फक्त स्मृतीत आहे, अजून न साठवलेला. आता स्मृतीत एकाच ग्राहकाच्या दोन प्रती आहेत, दोघी वेगवेगळं सांगतात, आणि बिल चुकीच्या प्रतीवर विश्वास ठेवतं. रेल्समध्ये यासाठी नात्याच्या दोन्ही टोकांना सांगून ठेवता येतं की तुम्ही एकाच नात्याची दोन तोंडं आहात. ग्राहकाकडून बिलाकडे गेलात, तर बिलाकडून परत येताना त्याच ग्राहकाकडे या, दुसरी प्रत आणू नका. २०१४ मधल्या ४.१ या आवृत्तीपासून साध्यासरळ नात्यांच्या बाबतीत फ्रेमवर्क हे आपणहून ओळखतं. ही सोय नसेल, तर अट अक्षरशः बरोबर लिहिलेली असूनही चुकीचा निकाल देते, आणि कोड कितीही वेळा वाचला तरी चूक डोळ्यांना दिसत नाही.

दोन्ही टोकांना एकमेकांची काळजी घ्यायला लावणंही धोक्याचं. ग्राहक वैध तेव्हाच, जेव्हा त्याची बिलं वैध. बिल वैध तेव्हाच, जेव्हा त्याचा ग्राहक वैध. असं लिहिलं की दोघं एकमेकांना विचारत राहतात आणि तो प्रश्न कधीच संपत नाही. रेल्सची मार्गदर्शिका याविरुद्ध स्पष्ट शब्दांत बजावते. जँगो हे फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत घडलं. त्याने इथे दुसरीच भूमिका घेतली आहे. त्यात नोंद साठवताना मॉडेलची संपूर्ण पडताळणी आपोआप होत नाही. ती फॉर्ममार्फत होते किंवा प्रोग्रामरने स्वतः बोलवावी लागते. यामुळे वेग आणि मोकळीक मिळते. पण फॉर्म सोडून दुसऱ्या दारातून, म्हणजे रात्री चालणाऱ्या एखाद्या आयात प्रोग्राममधून, येणाऱ्या नोंदी कुणी न तपासताच आत येऊ शकतात.

मग हे काम डेटाबेसकडेच का सोपवू नये? तो सगळ्या दारांच्या आत बसलेला आहे. उत्तर निराश करणारं आहे आणि त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. चेक नावाच्या बंधनाला फक्त स्वतःची ओळ दिसते. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ते दुसऱ्या टेबलाकडे पाहू शकत नाही. मायएसक्यूएलची गोष्ट तर आणखी विचित्र. २०१९ मध्ये ८.०.१६ ही आवृत्ती येईपर्यंत त्यात असं बंधन लिहिता येत होतं, ते व्याकरणदृष्ट्या स्वीकारलंही जात होतं आणि नंतर सोडून दिलं जात होतं. कुठलीही तक्रार न करता. १९९२ च्या एसक्यूएल मानकात मात्र एक भव्य सोय लिहून ठेवली होती: अनेक टेबलांवर पसरलेलं विधान एकदा जाहीर करायचं, आणि ते कधीच खोटं होणार नाही याची जबाबदारी डेटाबेसने घ्यायची. पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल या दोन लोकप्रिय डेटाबेसांनी ती सोय घेतली नाही. चहाचं उदाहरण आठवून पाहा. असं विधान पाळायचं तर चहाचं बिल लिहिताना बुकिंग तपासायला हवीत, आणि बुकिंग बदलताना बिलंही तपासायला हवीत. प्रत्येक लहान हालचालीचा धक्का कुठवर पोचतो, हे डेटाबेसला स्वतः ओळखावं लागेल, आणि तेही हजारो लोक एकाच वेळी काम करत असताना.

पण कुशल लोकांनी या बंद भिंतीतही एक फट शोधली आहे. चेकला फक्त स्वतःची ओळ दिसते ना? मग ग्राहकाच्या प्रकाराची एक प्रत बिलाच्या ओळीतच ठेवायची. आता चेकला ती दिसते आणि ‘प्रकार एसईझेड असेल तर कर आयजीएसटीच’ हे तो राखू शकतो. प्रत म्हटली की ती शिळी पडायची भीती आलीच. त्यावर तोड अशी की बिलाचं ग्राहकाशी असलेलं नातं फक्त क्रमांकाने न बांधता क्रमांक आणि प्रकार या जोडीने बांधायचं. बिलात ‘४१२, एसईझेड’ लिहिलं असेल, तर ग्राहकांच्या टेबलात तशीच जोडी अस्तित्वात असलीच पाहिजे. नसेल तर डेटाबेस बिलच नाकारतो. नातं राखणारी फॉरेन की आणि ओळ राखणारा चेक, दोघांनाही एकट्याला हा नियम राखता येत नव्हता. दोघं मिळून ते करतात, आणि त्यासाठी एका ओळीचाही प्रोग्राम लिहावा लागत नाही. डेटाबेसच्या कामात मी पाहिलेल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी ही एक आहे.

आतापर्यंत एकच माणूस काम करत होता. दोघं आले की अशी चूक होऊ शकते, जी कुणाच्याही हातून झालेली नसते. नियम सोपा आहे: एका बिलावर दिलेल्या सगळ्या क्रेडिट नोटांची, म्हणजे बिलातली रक्कम कमी करणाऱ्या नोंदींची, बेरीज त्या बिलाच्या रकमेहून जास्त होता कामा नये. बिल १०,००० रुपयांचं. दोन काउंटरवर दोन कर्मचारी एकाच वेळी त्याच बिलावर ६,००० रुपयांची क्रेडिट नोट करतात. पहिल्याचा प्रोग्राम विचारतो, आधीच्या नोटांची बेरीज किती? शून्य. सहा हजार दहा हजारांत बसतात, वैध. दुसऱ्याचाही प्रोग्राम त्याच क्षणी तेच विचारतो, कारण पहिली नोट अजून साठवली गेलेली नाही. शून्य. वैध. दोन्ही नोटा साठवल्या जातात, बेरीज १२,०००. दोघांनी वेगवेगळ्या ओळी लिहिल्या, कुणी कुणाचं लिहिलेलं खोडलं नाही. दोन्ही पडताळण्या बिनचूक चालल्या आणि नियम मोडला.

१९९५ मध्ये जिम ग्रे, फिल बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी एका निबंधात एसक्यूएल मानकातल्या अलगतेच्या पातळ्यांची, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची याच्या नियमांची, चिकित्सा केली, आणि अशा विसंगतीला नाव देऊन तिची जागा दाखवून दिली. प्रत्येक व्यवहाराला, म्हणजे एकत्रच साठवल्या किंवा रद्द केल्या जाणाऱ्या बदलांच्या गटाला, डेटाबेसचं एक गोठवलेलं चित्र दिलं, तर बाकी बऱ्याच चुका टळतात, पण ही टळत नाही, कारण दोघंही जुन्या चित्राकडे पाहून नवं लिहीत असतात. २००८ मध्ये मायकल केहिल, उवे र्‍योम आणि अ‍ॅलन फेकेटे यांनी यावर उपाय मांडला: कुणी काय वाचलं आणि नंतर ते कुणी बदललं, याच्या धाग्यांवर लक्ष ठेवायचं आणि त्या धाग्यांची विशिष्ट धोकादायक गुंफण दिसली की एक व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावायचा. २०११ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलच्या ९.१ आवृत्तीत तो आला. साधा उपायही आहे: क्रेडिट नोट करण्याआधी मूळ बिलाच्या ओळीला कुलूप लावायचं, म्हणजे दुसरा कर्मचारी क्षणभर थांबतो आणि त्याला ताजी बेरीज दिसते.

रोजच्या कामात हे उपाय किती वापरले जातात? पीटर बेलिस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये रेल्सवर लिहिलेली खुली अ‍ॅप्लिकेशनं तपासली. माहितीची शुद्धता राखायला प्रोग्रामर फ्रेमवर्कमधल्या पडताळण्यांवर आणि मॉडेलांमधल्या नात्यांच्या घोषणांवर भिस्त ठेवतात, आणि डेटाबेसच्या व्यवहारांपेक्षा त्या ३७ पटींहून जास्त वेळा वापरल्या गेल्या होत्या. त्यांपैकी जास्तीत जास्त ८६.९ टक्के वापर एकाच वेळच्या कामातही सुरक्षित ठरतात. उरलेले सुरक्षित नाहीत. या आकड्याकडे मी दोन्ही बाजूंनी पाहतो. इतक्या साध्या साधनांनी इतकं राखलं जातं, हे थक्क करणारं आहे. आणि उरलेल्यांत कुणाचे तरी पैसे असतात.

मला सर्वांत जास्त रमवतो तो मात्र काळ. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर आधी १२ टक्के कर होता, तो ५ झाला. समजा, खोली ६,००० रुपयांची आहे. पाहुण्याने पैसे ऑगस्टमध्ये भरले, राहायला तो ऑक्टोबरमध्ये आला आणि बिलही ऑक्टोबरमध्ये निघालं. दर कुठला? आणि पैसे आणि बिल दोन्ही ऑगस्टमध्ये, मुक्काम तेवढा ऑक्टोबरमध्ये असेल तर? सीजीएसटी कायद्याचं कलम १४ याचं उत्तर देतं. त्यात तीन घटना आहेत: सेवा दिली, बिल निघालं, पैसे आले. कायदा एकेक स्थिती घेऊन सांगतो की सेवा बदलाआधी आणि बिल नंतर असेल तर असं, पैसे आधी आणि बाकी दोन्ही नंतर असतील तर तसं. अशा एकूण सहा स्थिती आहेत.

त्या सहाही स्थिती कागदावर मांडून पाहा. तीन घटना, प्रत्येक एक तर बदलाआधीची नाही तर नंतरची, म्हणजे एकूण आठ शक्यता. तिन्ही आधी आणि तिन्ही नंतर या दोन शक्यतांत वादच नाही. उरल्या सहा, आणि कायद्यात नेमक्या सहाच आहेत. प्रत्येकीत निकाल काय लागतो ते पाहत गेलं की मागून एक आकृती वर येते: तिन्हींपैकी कुठल्याही दोन घटना ज्या बाजूला, दर त्या बाजूचा. कायद्याने ‘बहुमत’ हा शब्द कुठेही वापरलेला नाही, पण त्याची सहा पोटकलमं मिळून बहुमतच सांगतात. पहिल्या पाहुण्याला मुक्काम आणि बिल नंतरचे म्हणून ५ टक्के. दुसऱ्याला पैसे आणि बिल आधीचे म्हणून १२. प्रोग्रामरला सहा फांद्यांची ‘जर-तर’ लिहायची गरज नाही. तीन वेगवेगळ्या टेबलांतल्या तीन तारखा घ्यायच्या, बदलाच्या दिवसाशी ताडून पाहायच्या आणि मोजायच्या.

यातून एक गोष्ट ओघानेच येते: नियमांनाही तारखा हव्यात. दर, मर्यादा, ग्राहकाचा प्रकार, सगळं ‘अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत’ असं साठवावं लागतं. तसं केलं नाही, तर पुढच्या वर्षी कुणी जुन्या बिलावरच्या पत्त्यातला काना-मात्रा दुरुस्त करायला जाईल, प्रोग्राम त्या बिलाला आजच्या दराने तपासेल आणि साठवायला नकार देईल. तेव्हा बरोबर असलेलं बिल आज चुकीचं ठरवायचा अधिकार कुणालाच नाही. मघाच्या देखण्या युक्तीलाही हे लागू आहे: ग्राहक उद्या एसईझेडमधून बाहेर पडला आणि त्याचा प्रकार बदलला, तर जोडीने बांधलेली जुनी बिलं एक तर तो बदल अडवतील किंवा स्वतःच बदलून जातील. म्हणून तिथे जोडी बांधायची ती ग्राहकाशी नव्हे, त्या काळातल्या त्याच्या नोंदणीशी.

शेवटी प्रोग्रामला माणसाशी बोलावं लागतं. क्रमांकातलं अक्षर चुकलं असेल, तर त्या रकान्याशेजारी लाल संदेश दाखवता येतो. पण राज्य बरोबर, ग्राहक बरोबर, कराचा प्रकारही एरवी बरोबर, आणि तिन्ही मिळून चूक असेल, तर संदेश कुठे दाखवायचा? फ्रेमवर्क घडवणाऱ्यांना यासाठी वेगळी जागा करावी लागली. रेल्समध्ये अशी चूक संपूर्ण नोंदीच्या नावावर मांडता येते, जँगोमध्ये कुठल्याच रकान्याच्या नसलेल्या चुकांचा स्वतंत्र कप्पा आहे. पण त्या कप्प्यात बहुतेक वेळा ‘अवैध माहिती’ एवढंच लिहिलेलं सापडतं. काउंटरवरच्या माणसाला त्यातून काय करायचं ते कळत नाही, आणि मग तो संदेश जाईपर्यंत एकेक रकाना बदलून पाहतो, एखाद वेळी बरोबर असलेलाही. तिथे लिहायला हवं ते असं: ‘हा ग्राहक एसईझेडमधला म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे हॉटेल गोव्यात असलं तरी या मुक्कामावर आयजीएसटी लागतो. नोंदणी बदलली असेल, तर आधी ग्राहकाच्या पानावर बदलाची तारीख भरा.’ यात दोन्ही नोंदींची नावं आहेत, त्यांना जोडणारी अट आहे, आणि पुढे कुठल्या पानावर जायचं तेही आहे.